हाताला बसलेली मूठ

गेल्या महिन्यात माझी भाची सुट्टीला आमच्याकडे आली ती खांद्याला एक लांबलचक पिशवी अडकवून. मला वाटलं, बॅट वगैरे असेल. पिशवीतून निघाली चक्क तलवार! म्हणजे तलवारबाजीच्या खेळातली, फॉइल नावाची. टोकाला बोथट बटण, दोन हात लांब पातं आणि तेही वेतासारखं लवणारं. तेरा वर्षांची ही पोर तलवारबाजी शिकते हे बहिणीकडून कानावर होतं, पण दिवाणखान्यातल्या सोफ्यावर प्रत्यक्ष तलवार पाहिली आणि पोटात गोळाच आला.

पिशवीत एक सुटी मूठही होती. बोटांसाठी खाचा-खोबणी असलेली, वेडीवाकडी. तिला पिस्तूल ग्रिप म्हणतात. तलवारीला बसवलेली मूठ होती ती फ्रेंच ग्रिप. दिसायला साधी. सरळ, मध्ये किंचित बाक, वरून रबराचं आवरण आणि शेवटी एक वजनदार लोखंडी बोंड, ज्याला पॉमेल म्हणतात. या दोन्हींतली एक कायमची निवडायची आणि सुट्टी संपल्यावर येऊन सांगायचं, असं सरांनी बजावलं होतं. कायमची का, तर पात्याची शेपटी मुठीच्या आतून शेवटपर्यंत गेलेली असते आणि पॉमेल तिच्यावर आट्यांनी घट्ट बसतं. पिस्तूल ग्रिप बसवायची तर ती शेपटी कापून आखूड करावी लागते. एकदा कापली की त्या पात्याला पुन्हा फ्रेंच मूठ नाही. आणि पातं काही स्वस्त येत नाही!

पोरगी पेचात होती, कारण तिला मनातून फ्रेंच मूठच आवडत होती, पण अर्धा तास सराव केला की अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागायचा. वर्गातल्या बहुतेक मुलांनी पिस्तूल ग्रिप घेतलेली. त्यामुळे आपलाच हात कमकुवत आहे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मी सहज म्हणून ती तलवार हातात घेतली आणि उलथनं धरावं तशी घट्ट आवळून धरली. भाची खो खो हसली. मग तिनंच माझी एकेक बोटं सोडवून पकड शिकवली. अंगठा वरच्या सपाट बाजूवर, पूर्ण ताठ नाही, जरासा सैल. तर्जनीचं पहिलं पेर त्याच्या बरोबर खाली. तलवारीचं टोक वर-खाली, गोल-गोल फिरवायचं ते या दोघांनी. उरलेली तीन बोटं फक्त आधाराला, गरज पडेल तेव्हा आवळायची आणि लगेच सोडायची. पॉमेल मनगटाच्या आतल्या बाजूला टेकलेलं, म्हणजे पातं आणि हात एका रेषेत राहतात. जुने फ्रेंच उस्ताद म्हणे शिष्यांना सांगत की, मूठ चिमणीच्या पिलासारखी धरा. ढिली सोडलीत तर उडून जाईल आणि आवळलीत तर जीव जाईल. आपल्याकडच्या पट्ट्यात याच्या अगदी उलट. तिथे हात खोबळ्यात कोपरापर्यंत बंद असतो, मनगट वळतच नाही, सगळा जोर खांद्याचा आणि कोपराचा. फ्रेंच मुठीत जोर नाहीच म्हणा ना, सगळं काम बोटांचं.

तेवढ्यात तिनं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. वर्गात सरांनी दाखवलेलं. एका मोठ्या दालनात राजेरजवाडे, उमराव बायका जमल्यात. मधोमध दोघांची तलवारबाजी चाललीय. एका बाजूला देखणा, सावळा, अंगासरशा कपड्यांतला पुरुष. आणि त्याच्यावर चाल करून जाणारी कोण, तर काळा झगा नेसलेली, डोक्याला पांढरी टोपी घातलेली एक वयस्कर बाई! झग्यावर छातीशी एक पदक. दोघांच्याही चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा नाही. ही आजी कोण, असं भाचीनं मला विचारलं. आता मावशी म्हटल्यावर सगळं यायलाच हवं! मला काही सांगता आलं नाही. मग पुढचे पंधरा दिवस मी हेच वाचत बसले.

चित्र आहे ९ एप्रिल १७८७ या दिवसाचं, लंडनमधल्या कार्लटन हाऊसचं. म्हणजे तिथल्या युवराजाचा वाडा. ते काढलं रोबिनो नावाच्या चित्रकारानं आणि आज ते इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. देखणा पुरुष म्हणजे शेव्हालिए द सँ-जॉर्ज. ग्वादलूप बेटावर एका गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, पुढे पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक, संगीतकार आणि युरोपातला नावाजलेला तलवारबाज झालेला. तेव्हा वय एकेचाळीस. आणि काळ्या झग्यातली व्यक्ती म्हणजे शेव्हालिए देऑन. वय अठ्ठावन्न. त्या दिवशी बाजी मारली ती देऑननी.

इथे मराठीत लिहिणाऱ्याची पंचाईत होते. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे अर्धी अडचण टळते. आपल्याला मात्र गेले की गेल्या, लढले की लढल्या हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं करता येत नाही. आणि देऑन यांच्या बाबतीत नेमक्या याच प्रश्नावर लंडनमध्ये लोकांनी पैजा लावल्या, खटले लढवले. मी आपलं असं ठरवलं की, ज्या वर्षापर्यंत ही व्यक्ती जगासमोर पुरुष म्हणून वावरली त्या वर्षापर्यंत ते आणि त्यानंतर त्या. स्वतः देऑन नंतरच्या आयुष्यात स्वतःला स्त्री म्हणवत. तो मान ठेवायला आपल्याला काय जातंय?

तर ५ ऑक्टोबर १७२८ रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, तोनेर गावी देऑन यांचा जन्म झाला. घराणं खानदानी, पण बेताचं. वडील कायद्याच्या क्षेत्रातले. बारशाला ठेवलेलं नाव आगगाडीएवढं लांब आणि त्यात शार्ल हे पुरुषाचं तसंच जनव्हिएव्ह हे बाईचं नावही होतं. पॅरिसला शिक्षण झालं, एकविसाव्या वर्षी कायद्याची पदवी मिळाली. पुस्तकी किडा म्हणावेत असे. राजाच्या तिजोरीचा हिशेब, कर यांवर लिहिलं, पुढे सरकारी ग्रंथपरीक्षकही झाले. आणि त्याच जोडीला तलवार. तेयागोरी नावाच्या पॅरिसच्या उस्तादाकडे ते शिकले. याच उस्तादाचा आणखी एक शागीर्द म्हणजे दोमेनिको आंजेलो. तो पुढे लंडनमध्ये तालीम काढून प्रसिद्ध झाला आणि देऑन यांचा जन्मभराचा स्नेही ठरला.

या आंजेलोनं १७६३ मध्ये तलवारबाजीवर मोठं सचित्र पुस्तक काढलं. गंमत म्हणजे त्याची सुरुवातच डावपेचांनी होत नाही. आधी पातं कसं निवडावं, त्याला मूठ कशी बसवावी, मग ती धरावी कशी, हे सगळं येतं आणि नंतर पुढचं. अडीचशे वर्षांपूर्वीसुद्धा पहिला धडा माझ्या भाचीचाच होता तर! तेव्हा पिस्तूल ग्रिप नव्हती. सरावाच्या फॉइलला सरळ, चौकोनी घडणीची, दोरा गुंडाळलेली मूठ असे आणि शेवटी पॉमेल. आज फ्रेंच ग्रिप म्हणतात ती याच घराण्यातली. त्या काळच्या माणसाला हाताला सोसेल अशी जाडी, लांबी आणि वजन बघून मूठ घ्यायची, एवढीच निवड होती. बाकी सगळं बोटांना शिकवायचं.

देऑन यांची बोटं फार लवकर शिकली. पण पोटापाण्याची वाट वेगळीच निघाली. पंधराव्या लुईनं आपल्याच मंत्र्यांपासून लपवून एक गुप्त हेरखातं चालवलं होतं. १७५६ मध्ये देऑन त्यात शिरले आणि रशियाला गेले. तिथे ते बाईच्या वेषात सम्राज्ञी एलिझाबेथच्या दरबारात राहिले, अशी एक रसाळ कथा अजून सांगितली जाते. तिला पुरावा नाही. फ्रेंच वकिलातीचे चिटणीस म्हणून ते सेंट पीटर्सबर्गला होते, हे मात्र पक्कं. परत आल्यावर १७६१ मध्ये घोडदळात कप्तान म्हणून सात वर्षांच्या युद्धात लढले, जखमी झाले. १७६३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स तह झाला, त्याच्या वाटाघाटीत लंडनला खपले. त्याबद्दल राजानं सेंट लुईचं पदक आणि शेव्हालिए हा किताब दिला. चित्रात झग्यावर दिसतं ते हेच पदक. रणांगणावर आणि राजकारणात कमावलेलं.

इथवर सगळं सरळ. पण पस्तिशीतच गाडी घसरली. काही महिने लंडनमध्ये फ्रान्सचे वकील म्हणून देऑन यांना थाटामाटात मिरवायला मिळालं. मग नवा राजदूत आला आणि यांना पुन्हा चिटणिसाच्या खुर्चीत बसायला सांगितलं. ते काही सहन होईना. खर्चाचा आकडा आधीच डोईजड झालेला, दारूचं बिल तर विचारूच नका. परत या म्हणून हुकूम आला तो त्यांनी धुडकावला. नव्या राजदूतानं आपल्यावर विषप्रयोग केला असा आरोप केला. आणि १७६४ मध्ये सरकारी गुप्त पत्रव्यवहाराचं पुस्तकच छापून टाकलं! सगळ्यात स्फोटक कागद मात्र हातचे राखले. इंग्लंडवर स्वारी करायची झाली तर कुठून करावी, याची राजानं गुपचूप पाहणी करवली होती. ते कागद देऑन यांच्याकडे होते. मला यात काही थोरवी दिसत नाही. सरळ भाषेत ही राजाची कोंडी होती. राजानं तोंड बंद ठेवण्यासाठी वर्षाला बारा हजार लिव्हर्सचं निवृत्तिवेतन बांधून दिलं. शेव्हालिए हट्टी होते, उधळे होते, भांडकुदळही होते. हे सांगितलं नाही तर पुढचं उगाच देवपण दिल्यासारखं होईल.

१७७० च्या सुमाराला लंडनमध्ये कुजबूज सुरू झाली की, हा घोडदळाचा कप्तान म्हणजे खरं तर बाई आहे. कुजबुजीची पैज झाली आणि पैजेचा बाजार. शेअर बाजारात जसे भाव लागतात तसे देऑन यांच्या देहावर भाव लागले. लोक लाखमोलाच्या रकमा लावत होते आणि निकाल लागायला हवा म्हणून देऑन यांनी तपासणी करून घ्यावी, असा धोशा लावत होते. देऑन यांनी ठाम नकार दिला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तपासून घ्या म्हणजे सिद्ध होईल, हे वाक्य आपण बायकांनी किती वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकलंय! खेळाच्या मैदानावरसुद्धा ऐकलंय.

१७७४ मध्ये पंधरावा लुई गेला, हेरखातं बंद झालं. नव्या राजाला ते कागद परत हवे होते. बोलणी करायला आला कोण, तर नाटककार बोमार्शे. १७७५ मध्ये करार झाला. देऑन यांनी कागद परत करायचे, आपण स्त्री असल्याचं मान्य करायचं आणि यापुढे बायकांचेच कपडे घालायचे. बदल्यात निवृत्तिवेतन आणि सेंट लुईचं पदक झग्यावर मिरवण्याची मुभा. आपण जन्मानं मुलगीच होतो, वारसाहक्कासाठी वडिलांनी मुलगा म्हणून वाढवलं, असं देऑन यांनी पुढे सांगितलं. जुलै १७७७ मध्ये पैजेचा एक खटला लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे आला आणि लंडनच्या न्यायालयात पंचांनी देऑन ही स्त्री आहे, असा निवाडा दिला. जिच्याबद्दल हा निवाडा, तिला तपासलं कुणी नव्हतंच.

यापुढे मी त्या म्हणते.

ऑगस्ट १७७७ मध्ये देऑन व्हर्सायला गेल्या त्या घोडदळाच्या गणवेशात. दरबारात खळबळ. राजाज्ञा सुटली की, बाईनं बाईसारखं राहावं. मारी आंत्वानेत राणीची खास शिंपीण रोझ बेर्तां हिच्याकडून कपडे शिवून घेतले गेले. एकोणपन्नासाव्या वर्षी काचोळी, उंच टाचा, पावडर, केसांचे मनोरे, सगळं नव्यानं शिकायचं. आपल्याकडे नऊवारी पहिल्यांदा नेसवलेल्या मुलीची काय गत होते आठवा आणि मग या कप्तानाची कल्पना करा. कपडे हवे होते, तरी ते जमणं सोपं नव्हतं. आणि एक दार त्याच वेळी बंद झालं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला जाऊ द्या म्हणून देऑन यांनी लकडा लावला. परवानगी नाही. १७७९ मध्ये हट्ट फारच झाला तेव्हा दिजाँच्या किल्ल्यात काही दिवस कैद झाली आणि नंतर सहा वर्षं तोनेरला, आईच्या घरी, जवळपास स्थानबद्धता. बाई म्हणून मान्य झाल्या, पण बाईनं युद्धाला जायचं नाही! एकाच माणसाला दोन्ही बाजूंचे नियम लागलेले पाहिले की ते किती विचित्र आहेत हे कळतं.

१७८५ मध्ये त्या पुन्हा लंडनला आल्या आणि दोन वर्षांनी तो कार्लटन हाऊसचा सामना झाला.

हा सामना मी भाचीबरोबर जमिनीवर उभं राहून करून पाहिला. हसू नका. मी साडी नेसून आणि ती ट्रॅकसूटमध्ये. तलवारबाजीत मुसंडी मारताना पुढचा पाय लांब टाकून एकदम खाली बसायचं असतं. साडीत ते होत नाही हो! निऱ्या पायात येतात, पाऊल अर्ध्यावर अडतं. घेरदार झग्यात याहून काय वेगळं होणार? शिवाय वय अठ्ठावन्न आणि गुडघे त्या वयाचे. समोरचा सतरा वर्षांनी तरणा आणि पायात विजार. अशा वेळी पायांनी गमावलेलं हातानंच भरून काढायचं. मला वाटतं, इथे ती साधी मूठ कामी आली असणार. समोरच्याचं पातं अंगावर येतं तेव्हा सबंध हात हलवायची गरज नाही. अंगठा आणि तर्जनीनं टोक नखभर फिरवायचं, त्याचं पातं बाजूला सरतं आणि तेच टोक पुढे सरकवलं की लागलं. फ्रेंच मुठीचं हेच वैशिष्ट्य सर भाचीला सांगत असतात, पण तेरा वर्षांच्या मुलीला पायांनीच पळायचं असतं! पिस्तूल ग्रिपमध्ये हाताला जोर जास्त मिळतो, पकड भक्कम होते, समोरच्यानं पात्यावर फटका मारला तरी तलवार हलत नाही. पण बोटं खाचांत बसून जातात. फ्रेंच मुठीवर ती मोकळी राहतात. एपे या दुसऱ्या प्रकारात तर काही खेळाडू फ्रेंच मूठ मुद्दाम मागे सरकून, पॉमेलजवळ धरतात. तेवढीच चार बोटं लांबी वाढते. मात्र तेव्हा फटका सोसायची ताकद कमी होते. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं, म्हणून तर निवड अवघड.

कार्लटन हाऊसनंतर देऑन यांचं नाव झालं, पण खरी वेळ पुढे आली. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि राजानं बांधून दिलेलं निवृत्तिवेतन बुडालं. साठी उलटलेली. परदेश. नवरा नाही, मूलबाळ नाही. पुस्तकांचा जन्मभराचा संग्रह, दागिने विकायला काढले. १७९२ मध्ये तर त्यांनी फ्रान्सच्या विधिमंडळाला पत्र पाठवलं की, बायकांची एक पलटण उभारते, तिचं नेतृत्व करते, मला शत्रूवर पाठवा. ते कुणी मनावर घेतलं नाही. त्याच वर्षी मेरी वुलस्टनक्राफ्ट यांचं स्त्रियांच्या हक्कांवरचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यातल्या एका तळटीपेत असामान्य स्त्रियांची नावं आहेत. त्यात ग्रीक कवयित्री सॅफो आहे, रशियाची कॅथरिन आहे आणि मादाम देऑनही आहेत.

कौतुकानं पोट भरत नाही. मग या बाईनं काय केलं? तलवार हातात घेतली आणि तिकीट लावून सामने खेळायला सुरुवात केली. गावोगाव. काळा झगा, टोपी, छातीवर पदक. पुरुष तलवारबाजांशी, कधी एखाद्या अभिनेत्रीबरोबर. लोक बघायला येत ते अर्धे खेळासाठी आणि अर्धे या बाईचं नवल बघायला, हे त्यांना कळत नसेल असं थोडंच? कायदा, हेरगिरी, तह, पुस्तकं, सगळं करून झालं होतं. त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. विशीत तेयागोरीच्या तालमीत बोटांनी जे शिकून घेतलं, त्यावर साठीनंतर घर चाललं. माझ्या आईच्या एका मैत्रिणीनं पन्नाशीनंतर लहानपणच्या भरतकामावर संसार ओढला होता, तिची मला फार आठवण झाली.

ऑगस्ट १७९६, साउदॅम्प्टन. देऑन सदुसष्ट वर्षांच्या. सामना रंगात असताना प्रतिस्पर्ध्याचं फॉइल मोडलं आणि मोडकं पातं त्यांच्या काखेत घुसलं. फॉइलच्या खेळात आजही सगळ्यात मोठी भीती असते ती याचीच. टोकाच्या बोथट बटणाची नाही, मोडून अणकुचीदार झालेल्या पात्याची. म्हणून आता अंगात काखेपर्यंत जाणारं जाडजूड संरक्षक अस्तर सक्तीचं असतं. तेव्हा त्यातलं काही नव्हतं. जखम भरायला फार दिवस गेले आणि देऑन यांची तलवार कायमची खाली राहिली.

पुढची चौदा वर्षं मिसेस कोल नावाच्या एका विधवा बाईबरोबर लंडनमध्ये बिऱ्हाड केलं. दोघी म्हाताऱ्या, दोघींची ओढाताण. १८०४ मध्ये कर्जापायी देऑन यांना तुरुंगवासही घडला. शेवटची काही वर्षं तर अंथरुणावरच गेली. २१ मे १८१० रोजी, ८१ व्या वर्षी, त्या गेल्या. मिसेस कोल प्रेताला न्हाऊ-माखू घालायला बसल्या आणि हबकून गेल्या. डॉक्टरांना बोलावलं, साक्षीदार जमले. देह पुरुषाचा होता. एकाच घरात इतकी वर्षं राहिलेल्या बाईला याची पुसटशीही कल्पना नव्हती. त्या सावरायला बराच वेळ लागला, असं सांगतात.

जन्मभर जी तपासणी देऑन यांनी होऊ दिली नाही, ती मेल्यावर झाली आणि तिची माहिती छापूनही आली. पैजेचे भाव लावणारे तोवर बहुतेक मरून गेले असतील. चरित्रकारांनी मग दीडशे वर्षं वेडसर, फसव्या, सोंगाड्या अशी विशेषणं लावली. अलीकडचे अभ्यासक जरा सबुरीनं घेतात. राजाज्ञा कपड्यांची होती हे खरं, पण क्रांतीनंतर तो राजा नव्हता, त्याची आज्ञा नव्हती, निवृत्तिवेतनही नव्हतं. देऑन यांनी झगा उतरवला असता तर विचारायला कोण येणार होतं? तरी त्यांनी तो शेवटपर्यंत उतरवला नाही. मला हा मुद्दा पटतो. सक्ती संपल्यावर माणूस काय करतं, त्यातच त्याचं उत्तर असतं.

१९६६ मध्ये ब्रिटनमध्ये अशा व्यक्तींना आधार देणारी एक संस्था निघाली, तिनं देऑन यांच्याच नावातला बोमाँ हा भाग घेतला. २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं देऑन यांचं एक तैलचित्र विकत घेतलं. ते आधी कुणा अनोळखी बाईचं म्हणून बाजारात आलं होतं. हनुवटीवरची दाढीची निळसर छटा जाणकारांच्या नजरेला आली आणि ओळख पटली. काळा झगा, पिसांची टोपी आणि तेच पदक. पुरलं त्या सेंट पँक्रसच्या जुन्या दफनभूमीतली कबर रेल्वेच्या कामात राहिली नाही. तिथे नंतर एक स्मारकस्तंभ उभारला, त्यावर हरवलेल्या कबरींच्या नावांत देऑन यांचं नाव कोरलेलं आहे.

आता भाचीच्या मुठीचं सांगायचं राहिलं. तलवारबाजीवरचं काही ना काही वाचता वाचता एका ठिकाणी दिसलं की, फ्रेंच मुठीचा तो किंचित बाक उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगवेगळा असतो. नुसतं बघून चटकन लक्षात येत नाही. आमची भाची डावखुरी! मी तिच्या हातात मूठ देऊन पुन्हा नीट पाहिलं. बाक तळहाताकडे झुकण्याऐवजी तळहातापासून दूर जात होता आणि तो सरळ करायला बिचारी अंगठ्यानं सारखी रेटत होती. ठणकेल नाही तर काय? दुकानदारानं उजव्या हाताची मूठ दिली होती आणि घेणाऱ्या आम्हा कुणालाच हे विचारायचं सुचलं नव्हतं. हातमोजा न घालता मूठ धरून पाहिली, हीही चूकच. मोज्याच्या जाडीनं पकड बदलते. पॉमेलही तिच्या हाताला जड होतं, त्यामुळे टोक सारखं वर उचललं जायचं. मी माझ्या उजव्या हातात तीच तलवार घेतली तेव्हा मात्र ती अलगद बसली, अंगठ्याला कसलाच ताण नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले की, शेपटी अजिबात कापू नका, डाव्या हाताची मूठ आणि हलकं पॉमेल मागवतो. सगळं मिळून येईल ते एका पिझ्झाच्या पैशांत. तोवर भाची रोज संध्याकाळी गच्चीवर लाटण्याचं टोक डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून गोल फिरवायचा सराव करत होती. आमच्या घरात त्या दिवसांत पोळ्या थोड्या उशिरा व्हायच्या.